रणभूमीवरून घरी आलेली पत्रे

युद्धाचा इतिहास आपण बहुधा सेनापतींच्या चरित्रांतून आणि तहांच्या कलमांतून वाचतो. कोणत्या नदीकाठी कोणती फौज उभी होती, तोफा किती होत्या, कोण जिंकले आणि कोण हरले, एवढे समजले की शाळेतला इतिहास संपतो. परंतु ज्या घरातून तरणा मुलगा पलटणीत गेला, त्या घराचा इतिहास निराळ्याच कागदावर लिहिलेला असतो. तो कागद म्हणजे त्या मुलाने धाडलेले पत्र. त्यात लढाईचे वर्णन थोडे आणि घरची चौकशी अधिक. पाऊस झाला का, बैलाचा पाय बरा झाला का, सावकाराचे किती फिटले, धाकटीचे कोठे जमते आहे का, असल्या प्रश्नांनीच तो भरलेला असतो. अशा पत्रांचा थोडा इतिहास मंडळाच्या भगिनींपुढे ठेवावा, असा या लेखाचा हेतू आहे. पत्र लिहिणारा पुरुष असला, तरी ते ज्या घरासाठी लिहिले ते घर सांभाळणारी स्त्रीच होती, हे वाचताना ध्यानात असू द्यावे.

अशा पत्रांतून उत्तम नाट्य उभे राहू शकते, हे एका परदेशी चित्रपटाने दाखवून दिले आहे. २००६ साली क्लिंट ईस्टवुड या अमेरिकन दिग्दर्शकाने ‘लेटर्स फ्रॉम इवो जिमा’ हा चित्रपट काढला. इवो जिमा हे पॅसिफिक महासागरातले एक लहानसे बेट. १९ फेब्रुवारी ते २६ मार्च १९४५ या काळात तेथे अमेरिका व जपान यांची घनघोर लढाई झाली. बेटावर सुमारे २०,००० जपानी सैनिक होते, त्यांतले फारच थोडे वाचले. त्यांचा सेनापती तादामिची कुरिबायाशी याने घरी लिहिलेली पत्रे पुढे पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली आणि त्यांच्या आधारे हे कथानक रचले गेले. ज्या राष्ट्राशी आपण लढलो, त्या राष्ट्राच्या सैनिकांची सुखदुःखे एका अमेरिकन माणसाने त्यांच्याच जपानी भाषेत पडद्यावर आणली, ही गोष्ट लहान नव्हे. आणि त्या सेनापतीच्या पत्रांत काय आहे? आपण परत येणार नाही हे जाणणारा तो पुरुष, स्वयंपाकघराच्या जमिनीतून गार वारा येतो ती फट निघण्यापूर्वी बुजवायची राहिली, याची खंत बायकोला कळवितो. वीस हजार माणसांच्या मरणाचा भार ज्याच्या शिरावर, त्याच्या मनात चुलीपुढे बसणाऱ्या बायकोच्या पायांना लागणारा गारठा होता.

आपल्याकडे असे नाट्य रचावयाचे म्हटले, तर साहित्याची वाण मुळीच नाही. थोडे मागे जाऊन पाहू.

१४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर मराठ्यांचा जो घात झाला, त्याची खबर नानासाहेब पेशव्यांना उत्तरेकडे जाताना वाटेत मिळाली. परंपरेने सांगतात की, एका सावकाराचा जासूद पत्र घेऊन दक्षिणेकडे चालला होता. ते पत्र उघडले, तेव्हा त्यात पेढीची भाषा आढळली. मोती किती हरवले, मोहरा किती गेल्या हे मांडून, रुपये आणि खुर्दा यांचा हिशेबच लागत नाही, असे त्यात कळविले होते. मोती म्हणजे विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ. मोहरा म्हणजे नामांकित सरदार. आणि खुर्दा म्हणजे गावोगावची तुमची आमची माणसे. मोत्यांची नावे इतिहासात राहिली, मोहरांचीही बरीच राहिली. खुर्द्याची गणती झाली नाही. पण त्यातल्या प्रत्येकाच्या घरी दाराकडे डोळे लावून बसलेली आई किंवा बायको होतीच.

दीडशे वर्षांनी हीच युक्ती पुन्हा दिसते. पहिल्या महायुद्धात सप्टेंबर १९१४ मध्ये हिंदी फौज फ्रान्सच्या मार्सेय बंदरात उतरली. पुढील चार वर्षांत लाखाहून अधिक हिंदी माणसे फ्रान्सच्या भूमीवर जाऊन आली. त्यांत पूना हॉर्स हे घोडदळ होते आणि खडकीच्या सॅपर्सच्या तुकड्याही होत्या. २८ ऑक्टोबर १९१४ रोजी न्यूव्ह शापेल या गावावरील हल्ल्यात खडकीच्या दोन कंपन्यांची फार मोठी हानी झाली. हे शिपाई घरी पत्रे लिहीत, ज्यांना लिहिता येत नसे ते सोबत्याकडून लिहवून घेत. मार्च १९१५ च्या सुमारास फ्रान्समधील हिंदी शिपायांची दर आठवड्यास दहा ते वीस हजार पत्रे निघत असत.

शिपायांत राजद्रोही विचार पसरतात की काय, याची सरकारला धास्ती होती. म्हणून फ्रान्समधल्या बूलोन गावी हिंदी टपाल तपासण्याची कचेरी उघडण्यात आली आणि तिच्यावर हॉवेल नावाचा अधिकारी नेमण्यात आला. आपली पत्रे वाचली जातात, हे शिपायांना लवकरच उमगले. मग तेही शहाणे झाले. एकाने गावी कळविले की, हिंदुस्थानातून आलेले काळे मिरे संपत आले आणि लाल मिरची मात्र बेताने वापरली जाते. काळे मिरे म्हणजे हिंदी शिपाई आणि लाल मिरची म्हणजे गोरे सोजीर! पानिपतानंतरच्या पत्रात सराफाच्या पेढीची भाषा होती, या पत्रात वाण्याच्या दुकानाची आली. अर्थ दोन्हींचा एकच होता.

या तपासणीमुळे एक विलक्षण गोष्ट घडली. हॉवेलच्या कचेरीने बहुतेक पत्रे पुढे जाऊ दिली. पण त्यांतले उतारे इंग्रजीत करून आठवड्याच्या आठवड्याला अहवाल पाठविले. मूळ पत्रे घरोघर पोहोचली आणि पावसाने, उंदरांनी, वाळवीने किंवा चुलीने संपविली. सरकारने संशयापोटी केलेली भाषांतरे मात्र लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत सुरक्षित राहिली. त्यांतून निवडलेल्या सहाशेंहून अधिक पत्रांचा संग्रह डेव्हिड ओमिसी या इतिहासकाराने १९९९ साली प्रसिद्ध केला. त्यात पंजाबी, पठाण, गढवाली शिपायांची पत्रे अधिक आहेत. मराठी थोडी, कारण मराठा पलटणी बव्हंशी दुसऱ्याच रणभूमीवर होत्या, तिचे वर्णन पुढे येईलच.

त्या पत्रांतून काय दिसते? प्रथम थंडी, चिखल आणि तोफांचा मारा. हे युद्ध म्हणजे महाभारतासारखा संहार आहे, असे एका जखमी शिपायाने घरी कळविले. पुढे पुढे मात्र पत्रांत दुसरीच नवलाई येऊ लागते. फ्रान्समधली गडीमाणसे लढाईवर गेलेली. शेत नांगरणे, गुरे राखणे, दुकान चालविणे, सारे बायका करीत. ज्या घरी हिंदी शिपाई उतरत, तेथली म्हातारी त्यांचे कपडे शिवी, त्यांना कॉफी देई आणि ते पुन्हा खंदकाकडे निघाले की डोळ्यांना पदर लावी. तिचेही मुलगे कोठेतरी लढतच असत. हे पाहून कित्येक शिपायांनी घरी लिहिले की, येथल्या बायका लिहितात, वाचतात, हिशेब ठेवतात. आपल्या मुलींनाही शाळेत घाला. हातात बंदूक घेऊन परमुलखात गेलेल्या खेडूत माणसाने चिखलात बसून मुलींच्या शिक्षणाची गोष्ट लिहावी, हे आपल्या सामाजिक इतिहासातले एक सोनेरी पान आहे. योगायोग असा की, त्याच काळात, १९१६ साली, महर्षी कर्व्यांनी पुण्यास महिला विद्यापीठाची स्थापना केली.

आता मराठ्यांच्या रणभूमीकडे वळू. ती म्हणजे मेसापोटेमिया, हल्लीचा इराक. नोव्हेंबर १९१४ मध्ये हिंदी फौजेने बसरा घेतले. सहाव्या, म्हणजे पूना डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. त्यांत सातारा, रत्नागिरी, कुलाबा, पुणे अशा जिल्ह्यांतली माणसे होती. शिपायाचा पगार महिना ११ रुपये. बगदाद हाताशी आले असे वाटत असतानाच नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफॉनच्या लढाईनंतर जनरल टाउनशेंडला माघार घ्यावी लागली. फौज टायग्रिस नदीच्या वळणावरील कूत या गावी आली आणि ७ डिसेंबर १९१५ रोजी तुर्कांनी तिला वेढा घातला.

तो वेढा जवळजवळ पाच महिने चालला. धान्य संपत आले. सोडवणुकीसाठी आलेल्या फौजेचे हल्ले फसले. विमानांतून पोती टाकली, त्यांतली काही नदीत पडली आणि काही शत्रूच्या हाती गेली. शेवटी घोडी मारून खाण्याची वेळ आली. गोऱ्या शिपायांनी ते मांस खाल्ले, पुष्कळ हिंदी शिपायांनी मात्र कित्येक आठवडे त्यास हात लावला नाही. हिंदुस्थानातून धर्मगुरूंच्या परवानगीच्या तारा मागविल्या, तरी मने वळेनात. गावी कळले तर जातीबाहेर टाकतील, मुलींच्या सोयरिकी होणार नाहीत, ही भीती उपासमारीहून मोठी ठरली. समुद्रापलीकडे, मृत्यूच्या दारात बसलेल्या माणसाला गावची पंगत आणि मुलीचे लग्न दिसत होते! एप्रिलमध्ये माणसे अगदीच खंगली, तेव्हा कोठे बहुतेकांनी नाइलाजाने ते अन्न घेतले. २९ एप्रिल १९१६ रोजी कूत पडले. सुमारे १३,००० माणसे कैद झाली, त्यांत हिंदीच अधिक. उन्हातून, वाळवंटातून त्यांची धिंड निघाली. वाटेत आणि पुढे रास-अल-ऐन येथील रेल्वेच्या कामावर कित्येकांनी प्राण सोडले. घरी वाट पाहणाऱ्यांच्या दृष्टीने, वेढा पडला त्या दिवसापासून पत्रे बंद पडली होती.

याच कूतमध्ये डॉक्टर कॅप्टन कल्याणकुमार मुखर्जी हे बंगाली गृहस्थ होते. तेही कैद झाले आणि १९१७ साली रास-अल-ऐन येथे तापाने वारले. त्यांनी घरी धाडलेली पत्रे त्यांच्या आजीने, मोक्षदादेवींनी, जपून ठेवली होती. वयाची ऐंशी वर्षे गाठलेल्या या वृद्धेने त्या पत्रांच्या आधारे नातवाचे चरित्र लिहिले. ‘कल्याण-प्रदीप’ या नावाने ते १९२८ साली बंगालीत प्रसिद्ध झाले. आज मेसापोटेमियाच्या युद्धाचा अभ्यास करणारे विद्वान या ग्रंथाचा आधार घेतात. एका आजीने ट्रंकेतली पत्रे टाकून दिली नाहीत, म्हणून हे ज्ञान जगाला झाले. आम्ही बायका काय इतिहास लिहिणार, असे म्हणणाऱ्या भगिनीने मोक्षदादेवींचे स्मरण करावे.

आपल्या नगर जिल्ह्याचा (आता अहिल्यानगर) या साऱ्याशी फार जवळचा संबंध आहे. पहिल्या महायुद्धात नगर येथे जर्मन आणि ऑस्ट्रियन लोकांना ठेवण्याची छावणी होती. म्हणजे इकडल्या बायका परमुलखातल्या पत्राची वाट पाहत होत्या, तेव्हा जर्मनीतल्या बायका नगरच्या पत्राची वाट पाहत होत्या. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ साली, पंडित नेहरू, मौलाना आझाद आदी नेते नगरच्या किल्ल्यात कैद झाले. तेथे मौलानांनी एका स्नेह्याला उद्देशून उर्दूत पत्रे लिहिली, ती टपालात टाकण्याची सोय नव्हती. पुढे १९४६ साली ती ‘गुबार-ए-खातिर’ या नावाने ग्रंथरूपाने आली. ते किल्ल्यात असतानाच, १९४३ साली, त्यांच्या पत्नी कलकत्त्यास वारल्या आणि अखेरची भेट झाली नाही.

त्याच महायुद्धात आपल्या जिल्ह्यातील निमज गावचे नामदेव जाधव इटलीत लढत होते. ते पाचव्या मराठा पलटणीच्या पहिल्या बटालियनमध्ये शिपाई होते. काम निरोप्याचे, अधिकाऱ्याचा निरोप घेऊन धावण्याचे. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनियो नदी ओलांडताना त्यांच्या सोबतची माणसे जखमी झाली. जाधवांनी गोळ्यांच्या वर्षावात एकाला खोल पाण्यातून आणि सुरुंग पेरलेल्या काठावरून सुरक्षित नेले. परत जाऊन दुसऱ्याला आणले. मग एकट्याने शत्रूची मशिनगनची ठाणी बंद पाडली. हाताला जखम होऊन बंदूक चालेना, तेव्हा हातबाँब फेकले. बांधावर उभे राहून मराठ्यांची रणगर्जना केली आणि मागच्या तुकड्यांना पुढे बोलाविले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला आणि ते घरी परतले. १९८४ साली त्यांचे निधन झाले. इवो जिमाची लढाई संपून त्या वेळी अवघे दोन आठवडे झाले होते.

सर्वांच्याच वाट्याला असे परतणे येत नाही. कुलाबा जिल्ह्यातील पळसगावचे नाईक यशवंत घाडगे यांनी १० जुलै १९४४ रोजी इटलीतच तैबर नदीच्या खोऱ्यात असाच पराक्रम केला आणि तेथेच ते पडले. तो व्हिक्टोरिया क्रॉस त्यांच्या पत्नीला स्वीकारावा लागला. घाडगे यांची कबर वा समाधी कोठेही नाही, इटलीतील कॅसिनो येथील स्मारकावर नाव आहे. रायगड जिल्ह्यात माणगाव येथे त्यांचा पुतळा उभा आहे.

स्वातंत्र्यानंतरही पत्रांची ही परंपरा चालू राहिली. १९६२, १९६५, १९७१ आणि १९९९ या वर्षांच्या आठवणी ज्या घरांत आहेत, तेथे पत्त्यावरील ५६ ए.पी.ओ. किंवा ९९ ए.पी.ओ. हे आकडे कोणाला समजावून सांगावे लागत नाहीत. मुलगा लडाखात आहे की राजस्थानात, हे पत्त्यावरून कळावयाचे नाही, एवढाच त्याचा अर्थ. लष्करी टपालाचे स्वतंत्र दल १ मार्च १९७२ रोजी स्थापन झाले. त्याआधी तीनच महिन्यांपूर्वीची गोष्ट आहे. नगरच्या आर्मर्ड कोअरच्या शाळेत शिक्षण घेत असलेले २१ वर्षांचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेतरपाल युद्ध सुरू होताच पूना हॉर्समध्ये दाखल झाले आणि १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत कामी आले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र देण्यात आले.

इतका सारा इतिहास पाहिल्यावर एक उणीव मनाला टोचते. शिपायाचे पत्र निदान भाषांतररूपाने उरले, पण घरून त्याला गेलेले पत्र कोठे आहे? १९११ च्या खानेसुमारीत हिंदुस्थानात शंभर स्त्रियांमागे जेमतेम एक साक्षर होती. पत्र आले की ते मास्तरांकडे, कुलकर्ण्यांकडे किंवा पोस्टमनकडे वाचावयास न्यावयाचे. उत्तर त्यांच्याच हातचे. परक्या पुरुषासमोर, सासऱ्यादेखत, कोणती सून आपल्या मनातले सांगणार? ‘सर्व खुशाल, काळजी नसावी’ एवढेच लिहिले जाई. मनिऑर्डरीच्या तळच्या कुपनावर पैशासोबत दोन ओळी येत, त्याच पुन्हा पुन्हा वाचून घ्यावयाच्या. खंदकात पोहोचलेले घरचे पत्र चिखलात भिजून गेले किंवा शिपायाबरोबर मातीत गेले.

आपल्या तालुक्याचे ठिकाण नेवासे, जेथे ज्ञानेश्वरी सांगितली गेली. चांगदेवांनी ज्ञानेश्वरांना कोरे पत्र धाडल्याची कथा आपणा सर्वांस ठाऊक आहे. मायना काय लिहावा हे न कळल्याने त्यांनी कागद कोराच ठेवला. मुक्ताबाईंनी त्यावरून त्यांची थट्टा केली आणि ज्ञानेश्वरांनी त्या कोऱ्या पत्राला पासष्ट ओव्यांचे उत्तर दिले. शिपायांच्या बायकांनीही अशीच कोरी पत्रे धाडली असे म्हणावे लागेल. फरक इतकाच की, त्यांच्या मनात मजकूर भरलेला होता आणि हाती अक्षर नव्हते. ज्या नगर गावी सावित्रीबाई फुल्यांनी मिस फॅरारबाईंकडे शिक्षिकेचे शिक्षण घेतले, त्या जिल्ह्याच्या लेकींना हे अधिक जाणवावे. सावित्रीबाईंनी जोतीरावांना लिहिलेली तीन पत्रे आज उपलब्ध आहेत. १८७७ च्या दुष्काळात जुन्नरकडून लिहिलेल्या पत्रात लोकांच्या हालांची हकीकत आहे. अक्षर हाती आले म्हणजे स्त्री काय लिहू शकते, याचा तो पुरावा होय.

महाराष्ट्रातील कित्येक गावांत चावडीच्या किंवा देवळाच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी दिसते. या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात इतके पुरुष गेले आणि इतक्यांनी प्राण दिले, असा तिच्यावर मजकूर असतो. आकडा असतो, नाव नसते. पुन्हा तोच खुर्द्याचा हिशेब! नावे परत मिळवावयाची तर ती घरोघरच्या ट्रंकांतूनच मिळतील.

म्हणून मंडळापुढे एक सूचना ठेवावीशी वाटते. सोनई आणि भोवतालच्या गावांत सैन्यात गेलेल्यांची घरे आहेत. त्यांच्याकडे जुनी पत्रे, मनिऑर्डरीची कुपने, बिल्ले, फोटो, पेन्शनचे कागद असतील, तर घरच्यांच्या संमतीने त्यांच्या नकला करून घ्याव्यात. मूळ कागद घरीच राहू द्यावेत. ते चिकटपट्टीने जोडू नयेत किंवा प्लॅस्टिकमध्ये कायमचे बंद करू नयेत. घड्या हळू उलगडून, कोरड्या जागी, स्वच्छ कागदात ठेवावेत. प्रत्येकावर कोणी कोणाला लिहिले आणि केव्हा, हे घरातल्या वडीलधाऱ्या बाईला विचारून वेगळ्या चिठ्ठीवर नोंदवावे. तिच्या आठवणीही लिहून घ्याव्यात, कारण उत्तराचा हरवलेला भाग आता तिच्याच तोंडी आहे. ज्यांचे खाजगी असेल ते खाजगीच राहील, हे त्यांना प्रथम सांगावे.

मग त्याच पत्रांचे नाट्यवाचनही करता येईल. त्यासाठी पडदे नकोत, तलवारी नकोत. रंगमंचाच्या एका अंगाला पत्र लिहिणारा शिपाई, दुसऱ्या अंगाला दळण निवडीत बसलेली बाई. तो वाचतो आणि ती ऐकते. पुढे त्याचा आवाज थांबतो आणि ती बोलू लागते. जे शंभर वर्षांपूर्वी मास्तरांना सांगता आले नाही, ते आज तिची पणती व्यासपीठावरून सांगेल.

हल्ली सीमेवरून रोज फोन येतो, चेहराही दिसतो, आणि ही मोठ्या सुखाची गोष्ट आहे. पण बोललेले वाऱ्यावर जाते आणि फोनमधला मजकूर फोन बदलला की नाहीसा होतो. तेव्हा ज्यांचे कोणी सैन्यात असेल त्या भगिनींनी वर्षातून एकदा तरी, दिवाळीला म्हणा, स्वतःच्या हाताने पत्र लिहावे, त्यावर तारीख घालावी आणि त्याची नकल ट्रंकेत ठेवावी. आपल्या आज्या-पणज्यांजवळ अक्षर नव्हते, आपल्याजवळ ते आहे.